ब्लू-ब्लॅक, बाळगुटी आणि सोसायटीचं मिनिट बुक

मागच्या जुलैत आमच्या सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट भिजलं. ऑफिस म्हणजे काय, तर चौथ्या मजल्यावर जिना संपतो तिथली टेरेसखालची एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या त्यातली एक लंगडी, आणि ते कपाट. ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या जुन्या बिल्डिंगा ज्यांनी बघितल्यात त्यांना जास्त सांगायला नको, पावसाळ्यात स्लॅब गळतो, दिवाळीपर्यंत सगळे विसरतात, मे महिन्यात कोटेशनं येतात आणि जूनमध्ये म्हणतात आता पाऊस संपल्यावर बघू. तर त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातली जुनी मिनिट बुकं रात्रभर पाण्यात बसली. मी सेक्रेटरी (मीटिंगमध्ये बाकी सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले म्हणून झालेली, हौसेने नाही), त्यामुळे ती घरी आणून पानापानात वर्तमानपत्र घालून फॅनखाली वाळवायचं काम माझ्याच गळ्यात.

एका जाड बुकात तीन सेक्रेटऱ्यांची अक्षरं होती. मधल्या सेक्रेटरींनी चार वर्षं रॉयल ब्लूने लिहिलेलं, छान गोल अक्षर असणार, असणार म्हणते कारण आता तिथे फक्त फिकट निळी पानं आहेत, गणपतीच्या मखराला लावतो तसल्या कागदासारखी. एक शब्द लागत नाही. आणि नेमक्या त्याच चार वर्षांत पार्किंगचं वाटप झालेलं! तळमजल्यावरचे काका म्हणतात कोपऱ्यातली जागा मला ठरावाने मिळालीये, बाकीचे म्हणतात छे, आणि ठराव म्हणजे एक ढगाळ पान. आता काका खोटं बोलतायत हेही दाखवता येत नाही आणि खरं बोलतायत हेही नाही.

त्याआधीचे जे सेक्रेटरी होते, त्यांचं अक्षर मात्र जसंच्या तसं. कागद फुगलेला, कडा तपकिरी झालेल्या, पण ओळी करड्या-काळ्या रंगात घट्ट बसलेल्या. ती ओळ मी फॅनखाली उभी राहून वाचली, १९९१ सालची: "टेरेसच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली. तीन कोटेशने मागवावीत असे ठरले."

तिसऱ्या सेक्रेटरींचं बॉलपेन. तेही टिकलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते, कारण आमच्या घरी लगेच निकाल लागला, "मग बॉलपेनने लिही ना, विषय संपला." नवऱ्याचं बरोबर आहे. बॉलपेनची शाई तेलाची, पाण्याला दाद देत नाही. पण दिवसभर ऑफिसात आकडे बघून आल्यावर तीन पानी मिनिट्स बॉलपेन दाबत लिहायची म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जे दुखतं ते त्याला कुठे माहिती, तो सही सोडून काही लिहीतच नाही. फाउंटन पेनला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवायचं. आणि खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं.

तर मी त्या आधीच्या सेक्रेटरींच्या घरी गेले, काकू आता एकट्याच असतात. त्यांना विचारलं काका कुठली शाई वापरायचे. त्या म्हणाल्या, "अगं कंपनी काय ती आठवत नाही, पण ब्लू-ब्लॅकच लागायची. दौत खिडकीत असायची आणि मुलांना हात लावू द्यायचे नाहीत, शर्टाचा डाग जात नाही म्हणायचे." मला तिथेच समजायला हवं होतं. डाग जात नाही.

मग मी वाचायला बसले आणि कळलं की ब्लू-ब्लॅक या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे नुसता रंग. निळा डाय घेतला, त्यात काळा मिसळला, झाली गडद निळी शाई. दुसरी म्हणजे जुनी, खरी ब्लू-ब्लॅक, जिच्यात निळा आणि काळा हे दोन रंग नसून दोन वेळा आहेत: लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. हिला आयर्न गॉल शाई म्हणतात. लोखंडाचा क्षार आणि झाडापासून मिळणारं टॅनिन यांचं पाणी. बाटलीत असताना ते फिकट असतं, इतकं फिकट की लिहिलेलं दिसायचं नाही, म्हणून त्यात निळा रंग घालतात. कागदावर गेलं की हवेतला ऑक्सिजन लागतो, लोखंडाचं रूप बदलतं, टॅनिनशी त्याचा काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो, आणि तो कागदाच्या धाग्यांच्या आत होतो, वर नाही. म्हणून पाणी पडलं की निळा वाहून जातो आणि काळा बसून राहतो. लंडनमध्ये हेन्री स्टीफन्स नावाच्या डॉक्टरने १८३२ मध्ये असली शाई विकायला काढली. इंग्लंडात जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींसाठी अशीच शाई वापरायची पद्धत होती, तिला रजिस्ट्रार्स इंक म्हणतात, डायमाइन कंपनी अजून त्या नावाने बाटली विकते.

आता टॅनिन वगैरे ऐकून परदेशी वाटत असेल तर थांबा. ही शाई ज्याच्यापासून करायचे ते गॉल म्हणजे ओकच्या झाडावर एक किडा अंडी घालतो तिथे येणारी गाठ. आणि ती गाठ तुमच्या आमच्या घरात आहे! मायफळ! बाळगुटीच्या डबीतलं मायफळ. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी उठून माळ्यावरची डबी काढली, लेकीच्या वेळची, ती आता कॉलेजला आहे. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा आणि ते टेंगळं आलेलं करडं मायफळ, सगळं जागेवर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना जांभळी नाक्याला उतरून काष्ठौषधीच्या दुकानातून हिराकस आणला. हिराकस म्हणजे तेच ते लोखंडाचं मीठ, फिकट हिरवे खडे. दुकानदाराने विचारलं कशाला हवंय, मी म्हटलं शाई करायचीय, त्याने पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन सहाणेवर मायफळ उगाळलं, अगदी बाळाला द्यायचं तसं, दहा-बारा वळसे, पिवळसर गढूळ पाणी झालं. वाटीत हिराकसचा एक खडा पाण्यात विरघळवला आणि त्यातला एक थेंब चमच्याने सहाणेवर सोडला. जिथे थेंब पडला तिथे आधी जांभळट कडं आलं आणि मग बघता बघता काजळासारखा डाग पसरला. सहाण अजून डागाळलेलीच आहे, सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही, त्या हे वाचत नाहीत.

तसं बघितलं तर हे सगळं आपण रोज करतोच. केळफूल विळीवर चिरलं की हात काळे होतात, विळीही काळी होते, म्हणून तेल लावून घेतो. आवळ्याची पूड लोखंडी कढईत भिजवून केसांना लावायची, ती काळी का होते? तीच शाई. डोक्याला ब्लू-ब्लॅक लावून फिरतोय आपण.

बरं, आता शाया. मी एकदम पाच-सहा मागवल्या नाहीत, तीन महिन्यांत एकेक करत घेतल्या, दोन राममारुती रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणि बाकीच्या ऑनलाईन, घरी कुरिअर आलं की आधी मीच दार उघडायचे. टेस्ट साधी होती. मिनिट बुकाचाच कोरा कागद, सगळ्या शायांनी एकच ओळ, आणि ओळ अर्थातच "टेरेसच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली." त्या कागदाच्या पट्ट्या केल्या, चार दिवस वाळू दिल्या, मग एक संच रात्रभर पाणी भरलेल्या परातीत, दुसरा संच स्वयंपाकघराच्या खिडकीला, अर्धा भाग फॉइलने झाकून. ती खिडकी पश्चिमेची आहे, ऑक्टोबरचं ऊन तिथे इतकं येतं की ओट्यावर मीठ तापतं. सहा आठवडे ठेवलं. नवऱ्याच्या मित्राने ते बघून विचारलं हे काय, तोरण? 

पार्कर क्विंकची ब्लू-ब्लॅक सगळ्यात आधी, कारण ती सहज मिळते आणि लहानपणी बाबांच्या टेबलावर तीच होती. क्विंक १९३१ ची, पटकन वाळणारी म्हणून क्विक अधिक इंक. (त्याच वर्षी इकडे मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पावडरी आणि वड्या करायला घेतल्या, त्याचं पुढे कॅम्लिन झालं, आपल्या सगळ्यांच्या दप्तरात ज्यांनी एकदा तरी सांडलंय ते कॅम्लिन. १९३१ हे वर्षच शाईचं असावं.) क्विंक पेनात वागायला गुणी, कधी अडत नाही, पण रंग वाळल्यावर थोडा हिरवट, मरगळलेला होतो. परातीतून सकाळी काढली तेव्हा वाचता येत होती असं म्हणायला चष्मा लागत होता.

वॉटरमनची जी आता मिस्टीरियस ब्लू नावाने मिळते, तीच पूर्वी ब्लू-ब्लॅक म्हणून यायची. नाव बदललं ते बरं झालं, कारण ती काळी नाहीच, आठवड्याभरात मोरपिशीकडे झुकते. पेनांची सगळ्यात लाडकी शाई म्हणे, महिनाभर पेन विसरलं तरी पहिल्या रेघेला चालू. पत्रं लिहायला सुंदर. पाण्यात मात्र गेली. उन्हातही सगळ्यात आधी हीच उतरली, फॉइलखालची अर्धी ओळ आणि बाहेरची अर्धी ओळ वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी.

पायलटची साधी ब्लू-ब्लॅक, ती महागाची इरोशिझुकू नाही, साधी. हिने मला चकित केलं. ही आयर्न गॉल नाही, तरी परातीत नुसता वरवरचा निळा सोडला आणि खाली निळसर-करडी ओळ स्वच्छ राहिली. आणि ओली शाई आहे, म्हणजे निब कागदावरून तेल लावल्यासारखं सरकतं. जपानमध्ये हिची ३५० मिलीची बाटली मिळते, लोणच्याच्या बरणीएवढी, आणि मी ती कार्टमध्ये टाकून काढून टाकून परत टाकलेली आहे. ऑफिसच्या डायरीला रोज हीच.

मग खऱ्या आयर्न गॉल. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आणि पेलिकन ४००१ ची ब्लू-ब्लॅक या दोन्ही आजही जुन्या पद्धतीच्या आहेत, पण सौम्य केलेल्या. रोअरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स पण, ती एका ओळखीच्यांकडून पाच मिली भरून आणली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. आणि डायमाइनची रजिस्ट्रार्स, ती सगळ्यात कडक. ती लिहिताना शाळेच्या निळ्यासारखी येते आणि चहा करून परत येईपर्यंत गडद झालेली असते, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काळी. परातीतून काढली तर काही झालंच नाहीये असा चेहरा. खिडकीत निळा उडाला, काळा तसाच.

मग तीच आवडती का नाही? कारण आयर्न गॉल आंबट असते. ॲसिडिक. स्टीलच्या निबला, जुन्या पेनातल्या धातूच्या भागांना ती हळूहळू खाते, आणि पेनात सुकली तर जो काळा पदार्थ कागदावर हवा असतो तोच फीडच्या, म्हणजे निबला शाई पोचवणाऱ्या भागाच्या, नळीत तयार होतो आणि मग नुसत्या पाण्याने निघत नाही. पाण्यात व्हिटॅमिन सीची चिमूट घालून धुतलं तर निघतो, ती लोखंडाला परत विरघळणाऱ्या रूपात आणते, हा उपाय मी केलाय आणि चालतो. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत जिथे लोखंडाचं प्रमाण जास्त झालं तिथे शाईने कागद खाऊन अक्षरांच्या आकाराची भोकं पाडलीत. आताच्या शाया तेवढ्या जहाल नाहीत, पण रजिस्ट्रार्स भरलेलं पेन मी दर पंधरा दिवसांनी धुवायला हवं हे मला माहितीये आणि मी स्वतःला ओळखते. मी फ्रिजही पंधरा दिवसांनी पुसत नाही.

आणखी एक गोष्ट जी टेबलावर बसून कळत नाही, ठाण्यात राहून कळते. पावसाळ्यात कागद बदलतो. जानेवारीत ज्या वहीवर शाई सुरेख बसते, तीच वही जुलैत हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते आणि अक्षराला मिशा फुटतात. कॉपियरच्या कागदावर तर विचारू नका. अशा कागदावर आयर्न गॉल कमी पसरते, रेघ बारीक आणि कडक राहते, आणि मागच्या पानावर फारशी उतरत नाही. आमचं मिनिट बुक म्हणजे लेजर पेपर, म्हणजे निदान नावाला, पण अलीकडच्या बुकात त्या लेजर पेपरमध्ये पूर्वीसारखा जीव नाही हे १९९१ च्या पानाला बोट लावलं की समजतं. त्या काकांच्या काळचं पान अजून कडक वाजतं.

मधे एक अपघात पण झाला. स्वस्तातलं एक ड्रॉपरने शाई भरायचं पेन घेतलं होतं, ज्याच्या पोटातच सरळ शाई असते. छान वाटलं, एकदा भरलं की महिनाभर बघायला नको. पण अशा पेनात शाई कमी झाली की उरलेल्या जागेत हवा असते, आणि हवा तापली की फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मी आयर्न गॉल भरलेलं ते पेन मुठीत धरून ८.२२ च्या लेडीज डब्यात उभी, गर्दी अशी की हात खाली घेता येईना, मुलुंड गेलं आणि मनगटावरून काहीतरी गार ओघळलं. शेजारच्या ताईंचा पांढरा चिकनचा कुर्ता. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट. मी त्यांना सांगितलं साबण लावू नका, आधी लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा, गंजाच्या डागासारखा हा डाग आहे, लोखंडाचाच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भांडुपला डबा बदलला. तेव्हापासून लोकलमध्ये पायलटची शाई आणि कार्ट्रिजवालं पेन, निब वरच्या बाजूला ठेवून पर्समध्ये उभं.

तर आवडती कुठली, तर पेलिकन ४००१. दिसायला ती या सगळ्यांत सगळ्यात देखणी नाही, मला माहितीये. वाळल्यावर तिचा रंग जुन्या स्टीलच्या कपाटासारखा होतो, करडा, आत कुठेतरी निळा. शिवाय शाई कोरडी आहे, बारीक निबच्या पेनात कंजूषपणे उतरते आणि चिडचिड होते. पण माझं मिडियम निबचं एक पायलटचं पेन आहे जे जरा जास्तच सढळ आहे, दुसरी कुठलीही शाई घातली की अक्षरं सुजतात. त्याच्यात ही घातली आणि दोघांचं जमलं, एक उधळ्या आणि एक चिकट, संसार नीट चालतो. परातीतून काढल्यावर निळा गेला होता आणि करडी ओळ होती, अगदी त्या काकांच्या ओळीसारखी, म्हणजे इतकी सारखी की मी दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली. रजिस्ट्रार्सइतकी कडक नाही, पण पेनाला त्रास कमी, दीड-दोन महिन्यांतून एकदा धुतलं की भागतं, आणि तेवढं मी करते.

काकूंना पट्टी दाखवायला घेऊन गेले होते. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा वर केला, आणि म्हणाल्या, "हो, असाच रंग. आणि हेच लिहायचे ते नेहमी."

मार्चच्या मीटिंगच्या मिनिट्स पेलिकनने लिहिल्यात. पार्किंगचा ठराव नव्याने केला, तळमजल्यावरच्या काकांना कोपरा मिळाला, कारण कोणाला भांडायचा उत्साह राहिला नव्हता. चेअरमन साहेबांनी खाली हिरव्या जेल पेनने सही केली. गॅझेटेड ऑफिसर म्हणून रिटायर झालेत, हिरवी शाई सुटत नाही. ती सही पहिल्याच पावसात जाऊ शकते हे मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले कपाट खालच्या मजल्यावर हलवा. त्याची नोंद केली. त्याखाली टेरेसच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली, तीन कोटेशने मागवावीत असे ठरले, हेही लिहिलं. लिहिलं तेव्हा निळं होतं, बुक बंद करून कपाटात ठेवेपर्यंत काळं व्हायला लागलं होतं.